अण्णांना बीप ऐकवण्याचा प्रकल्प

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर मी लगेच पेन खाली ठेवीन. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉलेजात जाऊनही माझं आजवरचं सगळ्यात मोठं लेखन म्हणजे प्रॅक्टिकलचं जर्नल. त्यातलाही बराचसा भाग मित्राचं बघून उतरवलेला. त्यामुळे पुढच्या मजकुराला कुठे 'उद्देश, साहित्य, कृती' असा वास आला तर मोठ्या मनाने सोडून द्यावं. लिहितोय ते एका फसलेल्या यंत्राबद्दल. त्यासाठी फार विद्वान माणूस लागत नसावा, एवढ्याच आशेवर सुरुवात करतो.

माझे वडील बस चालवतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी कोपरखैरण्यात आले आणि स्टेअरिंगला चिकटले ते चिकटलेच. सकाळी कोपरखैरण्यातून कामगारांना भरून तळोजाच्या एका कंपनीत सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे त्यांचं काम. बस कंत्राटदाराची आहे, पण अण्णा तिला 'आमची गाडी' म्हणतात. गावाकडे जत्रेला गेलो की लोक त्यांना 'डायवरसाहेब' म्हणून हाक मारतात, आणि त्या हाकेला ते जसे वळतात तसे स्वतःच्या नावाला वळत नाहीत.

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आलो तेव्हा कंत्राटदाराने सगळ्या बसमध्ये एक काळी डबी बसवली. पुढची गाडी फार जवळ आली किंवा आपली बस पट्टा सोडून सरकायला लागली, की ती डबी बीप करून ड्रायव्हरला सावध करायची. एकदा कॉलेजला जायला उशीर झाला म्हणून मी अण्णांच्या बसमध्ये चढलो. त्यांच्या डाव्या हाताच्या एकट्या सीटवर बसलो. वाटेत पुढच्या ट्रेलरच्या जवळ गेल्यावर डबी वाजायला लागली. बारीक, टोकदार आवाज. अण्णा मजेत गुणगुणत होते.

"अण्णा, डबी वाजतेय."

"आं?"

"डबी!"

"वाजू दे की. नवीन हाय, वाजणारच."

तेवढ्यात मागच्या पहिल्या सीटवर बसलेल्या एका वयस्कर ऑपरेटर काकांनी हात पुढे केला आणि अण्णांच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. अण्णांनी ब्रेक दाबला. काका पुन्हा डोळे मिटून बसले. हे इतकं सवयीनं झालं, की हे रोजचंच आहे हे मला तिथेच कळलं.

मग घरी लक्ष ठेवलं. आमच्या दाराची बेल चिमणीसारखी वाजते. ती वाजली की आई दाराकडे बघायची आणि मग अण्णा बघायचे. बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं, टीव्हीवरच्या बातम्याही. फक्त बारीक आवाज जायचे. मी वाचून काढलं, की वर्षानुवर्षं मोठ्या आवाजाशेजारी बसलेल्या माणसाचे आधी बारीक आवाजच जातात. अण्णांच्या जुन्या बसचं इंजिन त्यांच्या डाव्या बाजूला, केबिनच्या आतच आहे. त्याच्या झाकणावर ते चहाचा ग्लास ठेवतात. उभं आयुष्य ते इंजिन त्यांच्या डाव्या कानाशी बोलत आलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच सुपरवायझरने सांगितलं, की उन्हाळ्याआधी सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे आणि कान कंपनीचे डॉक्टर तपासणार. जो नापास होईल तो गाडीवरून खाली. खाली म्हणजे यार्डात, पाइप घेऊन बस धुवायच्या. अण्णांचा एक जुना जोडीदार डोळ्यांमुळे आधीच यार्डात गेला होता. त्याच्याबद्दल अण्णा एकदा जेवताना म्हणाले, "स्टेअरिंग गेलं की माणूस निस्ता हुबा ऱ्हातो." आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले.

अशा वेळी शहाण्या मुलाने काय करावं? वडिलांना सरळ सांगावं, की तुमच्या कानाचं काहीतरी बघायला हवं. पण मी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असल्यामुळे सोपा मार्ग मला दिसला नाही. मी त्यावर फायनल इयरचं प्रोजेक्ट घेतलं. माझं गणित असं होतं, की बीप कानातून पोहोचत नसेल तर ती दुसरीकडून पोहोचवू. पाठीतून, डोळ्यांतून, कुठूनही. मग डॉक्टरांना सांगू, यांच्या कानाचं काय घेऊन बसलात, यांची सीट तपासा!

आमच्या गाइड मॅडमनी विषय वाचून चष्मा वर केला. "महागड्या गाड्यांमध्ये हे सगळं असतं. मग तुमच्यात नवीन काय?"

मी म्हणालो, "मॅडम, आमचे अण्णा."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सही केली.

प्रोजेक्टमधला माझा जोडीदार तळोजाजवळच्या नावड्याचा, आगरी. त्याच्या घरामागे मोकळं मैदान आहे आणि सकाळची पाळी सोडली की अण्णांची बस संध्याकाळपर्यंत तिथेच उभी असते. अण्णांना आम्ही सांगितलं, की हा प्रयोग 'एकूणच ड्रायव्हर लोकांसाठी' आहे. त्यांना कोण अभिमान! "घ्या, करा, माझ्यावर करा. सोयऱ्याधायऱ्यांत कुणाच्या पोरानं बापावर प्रोजेक्ट केलंय?" मी मान खाली घालून स्क्रू पिळत राहिलो.

पहिला प्रयोग स्पर्शाचा. मोबाइलमध्ये असतात तशा छोट्या मोटरी घेऊन सीटच्या कव्हराखाली शिवल्या. डबीची बीप ऐकायला तिच्याशेजारी एक माइक लावला. बीप आली की मोटरी थरथरणार. जोडीदाराने बटण दाबून बीप दिली. अण्णा शांत. पुन्हा दिली. अण्णा शांत.

"काय वाटतंय का, अण्णा?"

"लई भारी वाटतंय. कधी चालू करताय?"

एक तर ते आईने शिवलेल्या गोधडीची घडी बुडाखाली घेऊन बसतात, आणि दुसरं म्हणजे त्या बसमध्ये काचांपासून ड्रायव्हरच्या गालापर्यंत सगळंच थरथरतं. मी कॉलेजच्या लॅबमधल्या शांत खुर्चीवर बसून आकडे काढले होते. मग मोटरी मोठ्या आणल्या आणि मांडीच्या बाजूला सरकवल्या. आता मात्र परिणाम झाला. मैदानात बस हळू फिरवताना बीप दिल्याबरोबर अण्णांनी इंडिकेटर दिला, बस बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खिशातून फोन काढला.

"कुणाचा तरी फोन येतोय."

गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, घ्यायचा तर बाजूला थांबून, हा त्यांचा नियम आहे. त्या दुपारी ते मैदानात पुन्हा पुन्हा बाजूला थांबले आणि प्रत्येक वेळी फोनकडे संशयाने बघत राहिले.

माझा जोडीदार शेवटी म्हणाला, "काका, फोन नाय तो. गारी बोलते तुमच्याशी."

"मग तिला सांग, मी गाडीवर हाय, नंतर कर म्हणावं."

दुसरा प्रयोग प्रकाशाचा, तो थोडक्यात आटोपतो. डॅशबोर्डवर अण्णांच्या कुलदैवताचा छोटा फोटो आहे. जागा मोकळी मिळाली म्हणून मी माझा लाल दिवा त्याच्या शेजारीच बसवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या दिव्यावर झेंडूची माळ. फोटोची रोजची माळ त्या दिवशी दोघांना मिळून घातली होती. अण्णा म्हणाले, "देवाम्होरं दिवा लावलास, बरं केलंस. इंजिनीअर झाला तरी पोरगं विसरलं न्हाय." आता तो दिवा पेटला काय, विझला काय, धोका म्हणून त्याच्याकडे कोण बघणार? काढायचं मात्र माझ्याने झालं नाही. तो अजून तिथेच आहे.

उरला आवाज. इथे मला माझ्या बुद्धीचा फार अभिमान वाटला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बारीक आवाज ऐकू येत नसेल तर जाड आवाज द्यावा, हे उघड आहे. पण कोणता? अण्णा भर गोंगाटात कोणत्या आवाजाला हमखास दाद देतात, याचा मी आठवडाभर अभ्यास केला आणि उत्तर सापडलं. आमच्या वस्तीतल्या देवळाची मोठी घंटा. ती वाजली आणि अण्णांना कळलं नाही असं कधी झालेलं नव्हतं. मी देवळात जाऊन घंटेचा आवाज मोबाइलवर घेतला. पुजारीबुवांनी विचारलं, कशाला? म्हटलं, संशोधनाला. त्यांनी मला प्रसाद जास्त दिला.

प्रयोगाच्या दिवशी बस मैदानात अगदी चालण्याच्या वेगाने चालली होती. मी अण्णांच्या डावीकडे, जोडीदार दारात उभा. स्पीकर लावलेला. मी खूण केली आणि त्याने बटण दाबलं.

टण्ण.

अण्णांना ऐकू आलं. पहिल्याच फटक्यात, स्वच्छ. आणि त्यांनी स्टेअरिंगवरचा हात काढला, छातीला लावला, कपाळाला लावला आणि डोळे मिटले.

वेळ जेमतेम एका नमस्काराची. पण तेवढ्यात बस जोडीदाराच्या काकूंनी ताडपत्रीवर वाळत घातलेल्या सुकटीच्या कडेवर चढली. काकू झाडू घेऊन धावत आल्या.

"आरं ये डायवर! देवाला हात जोरतंस का माजे सुकटीवर गारी घालतंस?"

"वहिनी, घंटा वाजली!"

"घंटा? आमच्या अंगनात कनचा देव बसलाय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरकडे पाहिलं. धोक्याची सूचना मिळताच ड्रायव्हरने दोन्ही डोळे मिटून एक हात सोडावा, असं यंत्र जगात बहुधा मीच पहिल्यांदा बनवलं असेल. नवीन काय, असं मॅडमनी विचारलं होतं. ते हे.

मॅडमना मी हा अहवाल दिला तेव्हा मात्र त्या पोटभर हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "एक विचारू? वडिलांना हे सगळं त्यांच्यासाठी चाललंय, हे तुम्ही सांगितलंय का?"

"नाही, मॅडम."

"का?"

"त्यांना वाईट वाटेल."

"तपासणी कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

त्यांनी अहवाल मिटून माझ्या हातात परत दिला. पाठीला, डोळ्याला, कानाला सूचना द्यायची सगळी सोय मी केली होती. एक वाक्य तोंडाने बोलायचं तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढलो. वाक्य रात्रीच पाठ केलं होतं. माणसं चढत होती, इंजिन चालू होतं. नेहमीच्या डाव्या सीटवर बसलो आणि खाली बघत म्हणालो, "अण्णा, तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"काय?"

"तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"मोठ्यानं बोल की. इंजिन चालू हाय."

असं वाक्य त्याच कानाच्या बाजूला बसून बोलायचं नसतं, एवढी साधी गोष्ट शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सुचली नाही. मी जीव खाऊन ओरडलो. आणि नेमकं त्याच क्षणी, मला ऐकू यावं म्हणून, अण्णांनी इंजिन बंद केलं.

"तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं!"

अख्ख्या बसने ऐकलं. कुणाचा तरी डबा सीटखाली पडल्याचा आवाज झाला. मग पहिल्या सीटवरचे ऑपरेटर काका म्हणाले, "बरं झालं बाबा बोललास. टकटक करून माझं बोट दुखायला लागलं होतं."

अण्णांनी समोर बघत इंजिन चालू केलं. माझं कॉलेज आलं, गेलं. थांबवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. कामगार तळोजाला उतरले, बस नावड्याच्या मैदानात येऊन उभी राहिली. तेव्हा ते म्हणाले, "कवापासून ठावं हाय तुला?"

"दिवाळीपासून."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"मॅडमना. आणि प्रोजेक्टच्या जोडीदाराला. त्याच्या काकूंना त्याने सांगितलं असेल."

"म्हंजे कॉलेजात सांगितलंस, नावड्यात सांगितलंस. फकस्त ज्याचा कान त्याला न्हाय."

"तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

"मग आता काय गोड वाटलं का?"

मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला बी कळतंय रं. ती चिमणी वाजती तवा तुझी आई दाराकडं बघती. तिच्याकडं बघून मी बघतो. पर डॉक्टरकडं गेलो आन त्यानं गाडी सोडा म्हटलं तर? म्हणून जात न्हवतो."

"डॉक्टरकडे न जाता कंपनीच्या तपासणीला गेलात तर सोडावीच लागेल."

एवढं बोलून मी घाबरलो, कारण अण्णांना असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. उजवा कान माझ्याकडे आला. "चल मग," ते म्हणाले. "आजच."

वाशीला एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावतात. आवाज आला की बोट वर करायचं. अण्णांचं बोट भराभर वर जात होतं. मला आनंद झाला. मग डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, की त्या बटण दाबायला खांदा हलवतात आणि अण्णा खांद्याकडे बघून बोट वर करतात. त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर बोट बराच वेळ मांडीवर पडून राहिलं. काचेबाहेरून ते बघणं मला जड गेलं.

उजवा कान बरा निघाला. डाव्याला ऐकण्याचं मशीन लागेल, असं त्या म्हणाल्या. मशीन लावून बाहेर पडल्यावर अण्णा जिन्यात थांबले, पाय आपटून बघितला आणि म्हणाले, "माझी चप्पल वाजती रं." मग मी परत वर जाऊन, कंपनीचे डॉक्टर मशीन लावलेला ड्रायव्हर चालवून घेतील का, हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते त्यांनी ठरवायचं. माझा अभिप्राय मी लिहून देते.

कंपनीची तपासणी आणि माझ्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा एकाच दिवशी आली. प्रोजेक्टमध्ये शेवटी आम्ही सगळं काढून टाकलं आणि ऑपरेटर काकांचं बोट तेवढं ठेवलं. म्हणजे सीटच्या पाठीला एक छोटा हात, टोकाला रबर. बीप आली की तो खांद्यावर टकटक करतो. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसले, आम्ही बीप दिली, हाताने टकटक केलं. परीक्षकांनी मागे वळून विचारलं, "कोण आहे?" पुन्हा दिली. पुन्हा वळले. ते म्हणाले, काम करतंय, पण रस्त्यावरची नजर हटवतंय. मी म्हणालो, सर, बसमध्ये मागच्या काकांच्या बोटाने हेच चाललं होतं. ते म्हणाले, बसमध्ये मागे माणूस होता. मी ते वहीत लिहून घेतलं. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर आलो तेव्हा दुपार उलटली होती. अण्णांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. यार्डात पाइप धरून उभा असलेला तो त्यांचा जोडीदार डोळ्यांसमोर यायला लागला. सुपरवायझरचा नंबर माझ्याकडे होता, पण तो लावायला बोट धजेना. तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलास का?"

"हो. आई, अण्णांचं काय झालं?"

"भेंडी खाल्लीस का टाकलीस?"

"खाल्ली. आई, अण्णा?"

"परीक्षा कशी गेली तुझी? तुझे सर लई विचारत्यात म्हणालास."

"बरी गेली. अण्णांना फोन दे ना आधी. मी कधीचा लावतोय, उचलत नाहीत."

"ते कुठं घरात हायेत? मशीन लावून चालतंय म्हणालं डॉक्टर. सा म्हयन्यांनी परत दाखवायचं हाय. संध्याकाळची पाळी आणायला गेलं बी ते, गाडी घेऊन."